सातवी टिटवी

१

भोकरच्या जुन्या गढीमागच्या पेवात चांदपाशा मिस्त्री मरून पडलेला सापडला तो रविवारी सकाळी, आणि दुपारच्या आत गावानं ठरवूनही टाकलं की म्हातारा चोरी करायला उतरला होता. गावाला ठरवायला कितीसा वेळ लागतो? पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, आत मात्र खोलीएवढी जागा. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत जहागीरदार पळाला तेव्हा त्यानं या पेवात सोनं पुरलं, अशी बोलवा पस्तीस वर्षं चालत आलेली. आणि बंद पेवात जीव घेणारी वाफ कोंडते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. मग काय! लोभ सुटला, उतरला, गुदमरला. वर पेवाच्या तोंडाशी पहार पडलेली, खाली तळाशी मिस्त्रीची हत्यारांची पिशवी आणि शेजारी त्याचा कंदील. सरकारी डॉक्टरनंही ‘गुदमरून मृत्यू’ असंच लिहिलं, आणि रविवारीच घाईघाईनं माती झाली.

सोमवारी सकाळी शेषेराव गजभारे यष्टीतून उतरले ते नेमके चांदपाशालाच भेटायला. चहाच्या टपरीवर पत्ता विचारला, तर टपरीवाला थुंकून म्हणाला, “कोण, तो चोर? काल गाडला की.”

शेषेरावांनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांच्या खिशात चांदपाशाचं पत्र होतं. ‘सोमवारी या. टिटवी कुठं आहे ते तुमच्यासमोरच सांगतो. त्याआधी कुणाला सांगणार नाही.’

ही टिटवी म्हणजे एक विमान. शेषेरावांनी पंधरा वर्षं विमानदलात फिटर म्हणून काढलेली. आता नांदेडात वजिराबादेला रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करायचे. मुंबईचे एक हौशी पारशी गृहस्थ जुन्या खासगी विमानांची नोंदवही करत होते. विलायतेतल्या वेन्स्ली नावाच्या छोट्या कारखान्यानं एका जातीची फक्त नऊ विमानं बांधली होती, लाकडाची, कापड चढवलेली, दोन माणसांची. त्यांनी नाव ठेवलं लॅपविंग, म्हणजे आपली टिटवी. नऊपैकी दोन जगात शिल्लक होती. सातव्या नंबरचं निजामाच्या राज्यात, भोकरच्या जहागीरदाराकडे आलं होतं, इथवर माग लागलेला. पुढचा शोध शेषेरावांच्या गळ्यात पडला होता, आणि त्यांनाही तो मनापासून आवडला होता.

विचित्र गोष्ट अशी की त्या सातव्या टिटवीबद्दल मुंबईला दोन पत्रं गेली होती. एक भोकरच्या चांदपाशाचं. दुसरं लातूरकडच्या मुरुडच्या आडत व्यापाऱ्याचं, पंचाक्षरी शेठचं, ‘टिटवी माझ्या मालकीची असून माझ्या गोदामात आहे’ असं. दोघांपैकी कोण खरं ते सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो काल मातीआड गेला होता.

२

टँकर आला होता. दोन वर्षं पाऊस नाही, विहिरींच्या तळाला भेगा. त्या टँकरभोवती बायांची झुंबड. एका तिशीतल्या बाईची घागर कुणीतरी उचलून रांगेबाहेर आदळली. “सरक तिकडं. चोराच्या घरात आमचं पाणी कशाला?”

 बाई घागर उचलून रिकामीच घेऊन निघाली. ती हसीना, चांदपाशाची लेक, हे शेषेरावांना न विचारताच कळलं. त्यांना असा संताप आला की टँकरवर चढून चार शब्द सुनवावेत, पण त्यांच्याकडे शब्दांशिवाय काहीच नव्हतं. ते तिच्या मागून गेले.

घरात शिलाईचं मशीन, एक खाट, एक पत्र्याची पेटी. “सलाम, बेटी. मी नांदेडचा गजभारे.”

“तुमच्यासाठीच अब्बा थांबले होते, चाचा.” हसीना दाराला टेकून उभी राहिली. “मला एकच सांगा. अब्बा चोर होते का? सगळे बोलून राहिले. मला काय म्हणायचं ते म्हणू द्या, मी कपडे शिवून खाईन. पण पस्तीस वर्षं त्या माणसानं जहागिरीचा एक खिळा घेतला नाही. आणि आज त्यांच्या नावावर लोक थुंकतात, चाचा. माझ्यासमोर!”

“गेले कधी ते घरातून?”

“गुरुवारी, पहाटे फजरला. म्हणाले, अंधाऱ्या गोदामात काम हाय, दोन-तीन दिस लागतील. मीच कंदिलात काठोकाठ तेल भरून दिलं. पितळेची पाटी कमरेला बांधली. विमानावरची, नंबराची. जहागीरदार साहेबांनी जाताना त्यांच्या हाती दिली होती. म्हणायचे, ‘ये अमानत है.’ कुठं जाऊन राहिलात विचारलं तर म्हणाले, सोमवारी गजभारे साहेबांना एकदमच सांगतो.”

“पाटी मयताजवळ सापडली?”

“न्हाई. चष्मा पण न्हाई सापडला. एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. चष्म्याशिवाय अब्बाला स्वतःचा हात दिसत नव्हता, चाचा. ते पेवात काय शोधणार होते?”

शेषेराव मशीनकडे बघत होते. मिस्त्रीच्या हातचं काम त्यांना लगेच ओळखू आलं. पत्र्यावरच्या सगळ्या स्क्रूच्या खाचा एकजात उभ्या, एकाच रेषेत. हसीनाच्याही ते ध्यानात आलं.

“ती अब्बाची खोड. हैदराबादच्या विमानतळावर शिकले ना. म्हणायचे, खाचा एका रेषेत ठेवल्या की कोणता स्क्रू ढिला झाला ते लांबूनच कळतं. चहाच्या डब्याला झाकण बसवलं तरी तसंच.”

बाहेर कुणीतरी दारावर दगड मारला. हसीना दचकलीसुद्धा नाही, आणि त्याचंच शेषेरावांना जास्त भय वाटलं.

३

गढीची राखण मारोतीकडे. पन्नाशीचा, काटक, तोंडानं फटकळ. ‘चोर’ हा शब्द गावात पहिल्यांदा त्यानंच सोडलेला.

“म्या खोटं कशाला बोलू, साहेब? शुक्कर-शनवार म्या तलावाच्या कामावर व्हतो, तितंच मुक्काम. आयतवारी आलो तं पेवाची शिळा बाजूला. आत पाह्यलं, तं मिस्त्री. लई वंगाळ वाटलं, पण चोरी ती चोरीच ना.”

पेवाच्या तोंडाशी उभं राहिलं की खालून थंड, शिळा वास यायचा. आसपास एक झाड हिरवं नव्हतं. गढीच्या भिंतीवर गिधाडं बसलेली, आणि ती माणसं आली तरी उडत नव्हती.

“मारोती, पेवात उतरायची रीत काय रे?”

“आमचा आजा, बाप, समदे पेवंच उघडायचे. शिळा काढायची. मंग कंदील दोरीनं सोडायचा अन् वरून बघत ऱ्हायचं. इझला तं वर वढायचा, पेव उद्यावर टाकायचं. जळत ऱ्हायला तरी वर घ्यायचा, अन् माणसानं हातात धरून उतरायचं. कंदील खाली ठिवून येड्यावानी कोन उतरंल?”

“मिस्त्रीचा कंदील कसा होता?”

“खाली, त्याच्याजवळ. नीट उभा. इझलेला व्हता की! वाफेनं इझला, अन् मिस्त्री बी इझला.”

कंदील मारोतीच्याच खोपटात लटकत होता. पोलिसांना त्याची गरज वाटली नव्हती. शेषेरावांनी तो कानाशी धरून हलवला. मग काच वर केली, वात वर काढायला गेले, तर वात वर येईना. ती जळत जळत पार आत गेली होती. टोकाला नुसता कोळसा. काच वरपासून खालपर्यंत काळी.

 शेषेरावांनी कंदील मारोतीच्या हातात दिला.

“हलवून बघ. किती तेल आहे?”

“थेंब न्हाई.”

“वाफेनं विझला असता, तर तेल उरलं असतं. कंदील उभाच होता, सांडलं म्हणावं तर तेही नाही. मारोती, हा कंदील विझला नाही. तेल संपेस्तोवर जळला, मग वातही खाल्ली. पेवातली हवा चांगली होती.”

मारोती कंदिलाकडे बघतच राहिला. “मंग मिस्त्री गुदमरला कशानं?”

“कशानं नाही रे,” शेषेराव म्हणाले. “कुणी गुदमरवला, ते विचार.”

४

विमान कुणाचं ते सांगणारा जहागिरीच्या मालमत्तेचा कागद लातुरात होता, निदान असायला हवा होता. जहागीरदाराची काही गावं मुरुडकडं होती, आणि तिकडची सगळी दप्तरं उस्मानाबादहून नव्या लातूर जिल्ह्यात आलेली. जिल्हा होऊन दुसरं वर्ष चालू होतं. कचेरीच्या भिंतींना रंगाचा वास, आणि व्हरांड्यात पोत्यांत भरलेल्या फायली.

रेकॉर्डचा कारकून व्यंकटी. मूळचा भोकरचा, जहागिरीच्या कारभाऱ्याचा मुलगा. चांदपाशाकडे त्याच्या फेऱ्या वाढल्या होत्या, हे हसीनानं सांगितलं होतं. शेषेरावांनी फाईल मागितली आणि व्यंकटीचा चेहरा पडला.

“सापडत नाही. नवा जिल्हा झाला साहेब, ट्रकच्या ट्रक दप्तरं आली. दोन पोती तर उस्मानाबादच्या रस्त्यातच पडली म्हणतात.”

“मिस्त्रीकडं कशाला जायचास?”

“टिटवी बघायची होती, दुसरं काय! लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून उडताना पाहिलीय मी. गढीवरून गेली की म्हाताऱ्या बायका कानावर हात ठेवायच्या. टिटवी ओरडली की कुणीतरी जातं म्हणायच्या.” तो हसला, पण हसू टिकलं नाही. “मिस्त्रीनं काही दाखवली नाही.”

“बरं. पेवात उतरायची रीत सांग.”

व्यंकटी गोंधळला, पण भोकरचा माणूस. न अडखळता बोलला. कंदील दोरीनं सोडायचा, बघायचं, वर ओढायचा, मग हातात घेऊन उतरायचं.

शेषेरावांनी मान डोलावली आणि आवाज उतरवला. “व्यंकटी, माणूस मेलाय. फाईल हरवली म्हणालास तर उद्या पोलीस तुलाच विचारतील, की मेलेल्या माणसाचा कागद तुझ्याच टेबलावरून कसा गेला.”

 व्यंकटी खुर्ची पुढं ओढून कुजबुजला, “नोकरी जाईल माझी. महिन्यापूर्वी मुरुडच्या पंचाक्षरी शेठनं वाचायला नेली. लगेच आणून देतो म्हणाले. आता ओळख देत नाहीत. पण मी यादी वाचली होती, साहेब. एक ओळ होती त्यात. ‘उडते मशीन एक, मुरुडच्या आडत दुकानी अमानत. वारस वहिदा बेगम.’ जहागीरदाराची लेक, हैदराबादला असते.”

“म्हणजे विमान शेठचं नाही.”

“कधीच नव्हतं. त्यांच्या वडिलांनी नुसतं सांभाळायला घेतलं होतं. आणि हे आता सांगणारे दोनच राहिले होते. तो कागद आणि मिस्त्री.”

५

मुरुडला जाताना शेषेरावांनी मारोतीला भोकरहून बोलावून सोबत घेतलं. मुरुडच्या चौकीवर जमादाराला सगळं सांगितलं. जमादार सावध माणूस, म्हणाला, “शेठ मोठा आहे. काहीतरी हाताला लागू द्या, मी कोपऱ्यावर उभा राहतो.”

पंचाक्षरी शेठ पांढरा सदरा, कपाळाला भस्म, बोलणं अगदी गोड. “या, या, साहेब! टिटवी बघायला मुंबईहून कधी कुणी येतंय, वाटच बघून राहिलो होतो.”

गोदामाच्या दाराशी शेठची जीप. गोदाम लांबलचक आणि अंधारं. दुष्काळात माल कमी, तरी एका अंगाला रिकाम्या पोत्यांची चळत छताला लागलेली. आणि त्यामागं, ताडपत्री ओढली तशी, ती उभी होती. पंख दुमडून अंगाला लावलेले, कापड फाटलेलं, चाकं बसलेली, पण टिटवीच.  जगात तिसरी! क्षणभर शेषेराव कशाला आलोय तेच विसरले.

“वडिलांनी विकत घेतलेली,” शेठ म्हणाले. “तेव्हापासून इथंच. कुणी हातसुद्धा लावलेला नाही.”

“आणि भोकरचा चांदपाशा?”

“नाव ऐकलंय. मेला म्हणे बिचारा. आमची भेट कधी झाली नाही.”

सगळ्या विमानावर वर्षानुवर्षांची धूळ, बोटभर. बसायच्या जागेपुढं पितळेची पाटी होती, त्यावर सातचा आकडा. शेषेरावांनी खिशातली बॅटरी लावली. पाटीवर धूळ नव्हती. चार स्क्रू, चारही खाचा घासून चमकणाऱ्या. आणि चारही उभ्या, एकाच रेषेत.

शेषेरावांनी बॅटरी विझवली.  “शेठ, तुम्ही धान्याची माणसं. पेवात उतरायची रीत तुम्हाला ठाऊक असेलच?”

“न ठाऊक असून कसं चालेल? पिढीजात धंदा आमचा.” शेठ हसले. “कंदील पेटवून तळाला ठेवायचा, मग उतरायचं.”

मारोतीनं तोंड उघडलं. शेषेरावांनी त्याच्या पायावर पाय दिला. पण उशीर झाला होता. शेठनी मारोतीचा चेहरा पाहिला होता. ते दोन पावलं मागं सरले, आणि गोदामाचं लोखंडी दार खडखडत ओढून घेतलं.

६

आत अंधार. फटीतून येणाऱ्या उजेडात शेठचा पांढरा सदरा तेवढा दिसत होता, आणि हातातली धान्य ढकलायची लोखंडी दांडी.

“भोकरचा माणूस असं कधी बोलला नसता, शेठ,” शेषेराव म्हणाले.  “तुमच्याकडं धान्य पोत्यातून येतं. पेव उघडताना तुम्ही जन्मात पाहिलं नाही, नुसतं ऐकलंय. कंदील लागतो एवढं ऐकलं, तो वर ओढून घेतात हे नाही ऐकलं. म्हणून तुम्ही मेलेल्या मिस्त्रीशेजारी पेटता कंदील ठेवून शिळा उघडी टाकून आलात. तो शेवटच्या थेंबापर्यंत जळला, आणि हवा चांगली होती असं सांगून गेला. मारोतीनं किंवा व्यंकटीनं हे केलं असतं, तर कंदील विझवून ठेवला असता.”

“बडबड आहे नुसती.”

“आणि ही पाटी? कुणी हात लावला नाही म्हणता. मग स्क्रू कालपरवा कुणी पिळले? खाचा अशा लावणारा मी एकच माणूस ऐकलाय. गुरुवारी तुम्हीच त्याला बोलावलं. पाटी लाव, सोमवारी साहेबांना पूर्ण विमान दाखवू, असं काहीतरी गोड बोलला असाल. त्यानं कंदिलाच्या उजेडात पाटी बसवली, आणि मग म्हणाला असेल की आता वहिदा बेगमला कळवतो. विलायतेत सोन्याच्या भावानं जाणारा माल हातचा चालला. पोती तर इथं हाताशीच होती. मग दाराशी उभ्या जीपमधून त्याला भोकरला नेऊन पेवात टाकलंत.”

“साक्षीदार कोण?” शेठचा आवाज आता मुळीच गोड नव्हता. “मेलेला मिस्त्री? की हा खोपटातला राखणदार? तुम्ही दोघं इथं आलात हे तरी कुणाला ठाऊक आहे?”

दांडी वर उठली. मारोती तोवर आडवा झाला होता. घाव त्याच्या खांद्यावर बसला, तो कण्हला, पण शेठच्या कमरेला घातलेली मिठी सोडली नाही. “दार, साहेब! दार उघडा आदी!”

शेषेराव दाराकडे धावले. दार अर्ध्यात अडकलं तेव्हा जमादार बाहेरून खेचतच होता. उजेड आत आला, आणि शेठची दांडी खाली पडली.

मग सगळं गोदाम पालथं घातलं. पोत्यांखाली काही नाही, जीपमध्ये काही नाही. शेठ पुन्हा ताठ व्हायला लागले होते. तेवढ्यात शेषेरावांना सुचलं की पाटी बसवताना माणूस वाकून आत डोकावतो, आणि मागून कुणी तोंडावर पोतं दाबलं तर नाकावरचं जे पडायचं ते आतच पडणार. त्यांनी बसायच्या जागेखाली, फळीच्या फटीत, हात घातला. चष्मा निघाला. एक काच तडकलेली, एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली.

पंचाक्षरी शेठ पोत्यांच्या चळतीवर मटकन बसले. “त्याला किती सांगितलं,” ते म्हणाले. “हात जोडले. एकच शब्द बोलून राहिला. अमानत, अमानत.”

मारोतीनं दुखरा खांदा धरला होता. तो शेठकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.  परतीच्या यष्टीत नांदेड मागं पडल्यावर तो म्हणाला, “साहेब, गावात पहिला शबूद म्या काढला व्हता.”

भोकरला उतरल्यावर तो घरी गेला नाही. खांद्याला फडकं बांधलेला मारोती दारोदार हिंडला. टपरीवर, चावडीत, टँकरच्या रांगेत, जिथं माणूस दिसेल तिथं थांबून तेच सांगत होता. “मिस्त्री चोर नव्हता. दुसऱ्याची ठेव राखताना मारला त्येला. म्या खोटं बोललो. तुमी माझं ऐकलं.” कुणी मान खाली घातली, कुणी वाद घातला, पण वाद घालणाऱ्याला त्यानं सोडलं नाही.

शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, कबरस्तान राखणारा खाजा फाटकाशी येऊन बघतो तर माणसंच माणसं. मशिदीतली होती, बौद्धवाड्यातली होती, बाजारपेठेतली होती. दफनाच्या दिवशी मयताला माती द्यायला हसीनाचे दोन मावसभाऊ आणि खाजा, एवढेच होते.

“आता माती द्यायची रीत न्हाई,” खाजा म्हणाला. “सहा दिस झाले.” मग त्यानं त्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि फाटक उघडलं. “पण तवा कुणी आलंच नव्हतं. द्या.”

एकेक जण वाकला, कोरड्या ढेकळांतून मूठ भरली आणि कबरीवर सोडली. टपरीवाला आला. मारोतीला उजवा हात उचलेना, त्यानं डाव्या हातानं दिली, आणि तिथंच उकिडवा बसून राहिला. शेषेरावांनी चपला काढल्या, तीन मुठी दिल्या आणि बाजूला झाले.

हसीना भिंतीबाहेर उभी होती, शेजारी टँकरच्या रांगेतल्या दोघीतिघी. त्यातल्या एकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. हसीनानं तो झटकला नाही आणि धरलाही नाही. रांग संपेना, तशी ती भिंतीला धरून खाली बसली आणि रविवारपासून पहिल्यांदा बापाला हाका मारून मोठ्यानं रडली.